रक्तकर्करोगाची रुग्णनोंदणी

रक्त व रक्त निर्माण करणारी ऊतके यांच्या कर्करोगांचे रुग्ण ठराविक पद्धतीने नोंदवून, निदानापासून मृत्यूपर्यंत अथवा अखेरच्या संपर्कापर्यंत त्यांची माहिती ठेवण्याच्या व्यवस्थेस रक्तकर्करोगाची रुग्णनोंदणी असे म्हणतात. रोगाचे प्रमाण किती आहे, ते वाढते आहे की घटते आहे आणि उपचारानंतर रुग्ण किती काळ हयात राहतात, या तीन प्रश्नांची उत्तरे अशा नोंदींवरून मिळतात. पहिल्या दोन प्रश्नांसाठी रुग्णाची एकदा नोंद झाली म्हणजे पुरते. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र रुग्ण हयात आहे किंवा नाही, याची वर्षानुवर्षे चौकशी करीत राहावे लागते. हे काम सर्वांत कष्टाचे असून जीवितप्रमाणाची विश्वसनीयता त्यावरच अवलंबून असते. निदानानंतर विशिष्ट मुदतीपर्यंत, बहुधा पाच वर्षांपर्यंत, हयात असलेल्या रुग्णांच्या शेकडा प्रमाणास जीवितप्रमाण म्हणतात.

नोंदणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका रुग्णालयात आलेल्या सर्व रुग्णांची नोंद ठेवणारी ती रुग्णालयीन नोंदणी आणि निश्चित भूप्रदेशात राहणाऱ्या सर्व रुग्णांची, ते कोठेही उपचार घेत असले तरी, नोंद ठेवणारी ती लोकसंख्याधारित नोंदणी होय. पहिलीवरून त्या रुग्णालयातील उपचारांचे फलित कळते. दुसरीवरून संपूर्ण समाजातील रुग्णांची स्थिती कळते. मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचलेले रुग्ण हे सर्व रुग्णांचे प्रतिनिधी असतातच असे नाही. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या नोंदणींतून मिळणारी जीवितप्रमाणे पुष्कळदा भिन्न असतात.

रोगाचे स्वरूप व नोंदणीतील अडचणी : रक्तकर्करोग हा एक रोग नसून रोगांचा समूह आहे. त्यात श्वेतकोशिकार्बुद (ल्युकेमिया), लसीकार्बुद (लिंफोमा) व बहुमज्जार्बुद (मायलोमा) यांचा समावेश होतो. श्वेतकोशिकार्बुदाचे तीव्र व चिरकारी असे दोन प्रकार असून प्रत्येकाचे लसीकाकोशिकीय व मज्जाकोशिकीय असे उपप्रकार आहेत. तीव्र प्रकारात उपचारांअभावी रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावतो. चिरकारी प्रकारात तो अनेक वर्षे जगू शकतो. म्हणून ‘रक्ताचा कर्करोग’ एवढीच नोंद जीवितप्रमाण काढण्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. तिच्याबरोबर उपप्रकाराची नोंद असणे आवश्यक असते.

इतर कर्करोगांत गाठ असते, तिचा तुकडा विकृतिवैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो व तेथील दप्तरात रुग्ण सापडतो. श्वेतकोशिकार्बुदात बहुधा अशी गाठ नसते. निदान रक्ताच्या व अस्थिमज्जेच्या तपासणीवरून होते आणि ही तपासणी रक्तविज्ञानाच्या स्वतंत्र प्रयोगशाळेत होत असल्याने केवळ शस्त्रक्रिया व ऊतकपरीक्षा यांच्या दप्तरांवर विसंबणाऱ्या नोंदणीतून असे रुग्ण निसटतात. पांडुरोग, ताप किंवा रक्तस्राव एवढ्याच लक्षणांवर तालुक्याच्या गावी दगावलेला रुग्ण तर कोणत्याच दप्तरात येत नाही. शिवाय रोगांचे वर्गीकरण वेळोवेळी बदलले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्बुदवर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) मज्जाविकसनदोष व रक्तकोशिकाधिक्य हे पूर्वी अनिश्चित मानलेले विकार मारक गटात घेण्यात आले. त्यामुळे त्याआधीच्या व नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

जागतिक पूर्वेतिहास : श्वेतकोशिकार्बुदाची शास्त्रीय वर्णने १८४५ मध्ये एडिंबरो येथील जॉन ह्यूझ बेनेट व बर्लिन येथील रूडोल्फ फिरखो यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. पुढील शंभर वर्षे या रोगावर परिणामकारक उपचार नसल्याने जीवितप्रमाण मोजण्याची निकडही कोणास भासली नाही. मोजणीचे शास्त्र इतर कर्करोगांच्या निमित्ताने वाढले. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवुड यांनी १९२६ मध्ये कर्करोगाच्या नैसर्गिक कालावधीविषयी अहवाल लिहिला व जीवितप्रमाणातील संभाव्य त्रुटी मोजण्याचे सूत्र दिले. त्याच वर्षी हँबुर्ग येथे नोंदणीस प्रारंभ झाला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या नोंदी १९३५ पासूनच्या रुग्णांच्या आहेत, तर डेन्मार्कची राष्ट्रव्यापी नोंदणी १९४२ मध्ये सुरू झाली. जोसेफ बर्कसन व रॉबर्ट गेज यांनी १९५० मध्ये विमाशास्त्रातील जीवनकोष्टकाची पद्धत रुग्णांना लावली. एडवर्ड कॅप्लन व पॉल मायर यांनी १९५८ मध्ये तीच कल्पना अधिक सूक्ष्म केली. ही दुसरी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन अभिकरण १९६५ मध्ये व आंतरराष्ट्रीय कर्करोग नोंदणी संघ १९६६ मध्ये स्थापन झाल्यावर निरनिराळ्या देशांतील नोंदींत एकरूपता येऊ लागली.

महाराष्ट्रातील प्रारंभ : महाराष्ट्रातील कर्करोगविषयक कार्याचा उगम एका श्वेतकोशिकार्बुदाच्या रुग्णापाशी पोहोचतो. उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये वेल्समध्ये या रोगाने निधन झाले. दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ लेडी टाटा स्मारक विश्वस्तनिधी स्थापन केला. श्वेतकोशिकार्बुदाच्या संशोधनास साहाय्य करणे हे त्याचे प्रमुख उद्दिष्ट होते. दोराबजी त्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीने मुंबईत परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिविज्ञान विभागाचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी भारतीय समाजातील कर्करोगांच्या प्रकारांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले.

एका रुग्णालयाच्या दप्तरावरून शहरातील रोगाचे चित्र कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय कर्करोग संस्थेने (स्थापना १९५१) डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतातील ही पहिली लोकसंख्याधारित नोंदणी होय. तिचे कर्मचारी शहरातील रुग्णालयांत, प्रयोगशाळांत व महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू कार्यालयात स्वतः जाऊन माहिती उतरवून घेत. रुग्णालयांकडून आपोआप माहिती येईल अशी वाट न पाहण्याच्या या पद्धतीस सक्रिय नोंदणी म्हणतात. भारतातील इतर नोंदणींनीही पुढे तीच स्वीकारली. त्याच संस्थेने पुणे (१९७३), औरंगाबाद (१९७८, आता छत्रपती संभाजीनगर) व नागपूर (१९८०) येथे शाखा-नोंदणी उघडल्या.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला व १ जानेवारी १९८२ पासून त्याखाली माहिती गोळा होऊ लागली. त्यात मुंबईच्या जुन्या नोंदणीबरोबर बंगळूर व मद्रास येथील लोकसंख्याधारित आणि चंडीगढ, दिब्रुगड व तिरुवनंतपुरम् येथील रुग्णालयीन नोंदणींचा समावेश होता.

ग्रामीण नोंदणी : वरील सर्व लोकसंख्याधारित नोंदणी शहरांपुरत्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके मिळून ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यात रुग्णालयाचे दप्तर नसते, म्हणून येथे मुंबईची पद्धत उलटी करावी लागली. रुग्णालयात जाऊन रुग्ण शोधण्याऐवजी क्षेत्रकर्मचारी ठरलेल्या काळाने प्रत्येक गावी जाऊ लागले. सरपंच, शिक्षक, परिचारिका व जाणती माणसे यांच्याकडे चौकशी करणे, लक्षणांची माहिती देणे, संशयित रुग्णास तपासणीस आणणे आणि पूर्वी नोंदलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन त्याची स्थिती टिपणे ही सर्व कामे एकाच फेरीत होत. या लोकशिक्षणामुळे गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे डॉ. कस्तुरी जयंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. रक्तकर्करोगाच्या बाबतीत मात्र अशा छोट्या क्षेत्रात दरवर्षी सापडणारे रुग्ण थोडे असल्याने जीवितप्रमाण काढण्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात.

निवासाचा नियम : लोकसंख्याधारित नोंदणीत रुग्ण कोठे उपचार घेतो यापेक्षा तो कोठे राहतो, याला महत्त्व असते. निदानापूर्वी किमान एक वर्ष त्या क्षेत्रात राहिलेलाच रुग्ण मोजला जातो. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर या कोळशाच्या खाणी व चुनाभट्ट्या असलेल्या गावाच्या उदाहरणावरून या नियमाचे परिणाम स्पष्ट होतात. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ असले, तरी राजूरला चंद्रपूर अधिक जवळ आहे. रक्ताच्या गंभीर विकारांचे रुग्ण तेथून नागपूर, सेवाग्राम किंवा थेट मुंबई येथे जातात. नागपूरच्या नोंदणीचे कार्यक्षेत्र ते शहर आहे, तर सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत सु. २०१० पासून चालणाऱ्या नोंदणीचे कार्यक्षेत्र वर्धा जिल्हा आहे. राजूरचा रुग्ण या दोन्ही शहरी उपचार घेऊनही त्यांच्या लोकसंख्याधारित आकड्यांत धरला जात नाही. त्याची नोंद होते ती रुग्णालयीन दप्तरात. तो औषधोपचार अर्धवट टाकून गावी परतला, तर रुग्णालयाच्या दृष्टीने बेपत्ता होतो आणि प्रादेशिक नोंदणीच्या दृष्टीने तो मुळात नसतोच.

पत्त्याची अचूकता हाही येथे महत्त्वाचा प्रश्न ठरतो. राजूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात एक आहे आणि जालना जिल्ह्यातील राजूर गणपतीच्या स्थानामुळे प्रसिद्ध आहे. मुंबईच्या दप्तरात तालुका व जिल्हा यांच्याविना केवळ ‘राजूर’ असे लिहिले गेले, तर वर्षभराने पाठविलेले पत्र कोठे जाईल हे सांगता येत नाही. नावांच्या बाबतीतही अशाच अडचणी येतात. एकच नाव रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाते. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते. त्यामुळे एकच रुग्ण दोनदा नोंदला जातो किंवा त्याची मृत्युनोंद त्याच्या मूळ नोंदीशी जुळत नाही. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकास १९६८ पासून स्वतंत्र क्रमांक असल्याने नोंदणी व मृत्युनोंद यांची जुळणी केवळ क्रमांकावरून होते. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ मध्ये झाला. तथापि घरी झालेल्या मृत्यूचे वैद्यकीय कारण पुष्कळदा नोंदले जात नाही. म्हणून येथे पत्र, दूरध्वनी व गृहभेट या मार्गांनी पाठपुरावा करावा लागतो.

जीवितप्रमाणाचे गणित : ठावठिकाणा न लागलेल्या रुग्णांमुळे आकड्यात किती फरक पडतो, हे एका कल्पित उदाहरणावरून समजेल. समजा, १०० रुग्णांपैकी वर्षअखेर ४० मृत व ४० हयात असल्याचे कळले आणि २० जणांविषयी काहीच कळले नाही. या २० जणांना हयात धरल्यास एक वर्षाचे जीवितप्रमाण ६० टक्के येते, मृत धरल्यास ४० टक्के आणि त्यांना वगळल्यास ५० टक्के. जीवनकोष्टकाच्या पद्धतीत ते सरासरीने अर्धे वर्ष निरीक्षणाखाली होते असे मानतात. त्यामुळे धोक्यात असलेल्यांची संख्या ९० धरली जाते व जीवितप्रमाण सु. ५६ टक्के येते. पुढील प्रत्येक वर्षाचे प्रमाण असेच काढून त्यांचा गुणाकार करतात. उदा., पहिल्या वर्षी ८० टक्के व दुसऱ्या वर्षी, पहिले वर्ष पार केलेल्यांपैकी, ९० टक्के रुग्ण जगले, तर दोन वर्षांचे जीवितप्रमाण ७२ टक्के होते.

या गणिताचा पाया एका गृहीतकावर आहे. ते म्हणजे, बेपत्ता झालेल्यांना असलेला मृत्यूचा धोका संपर्कात राहिलेल्यांइतकाच असतो. प्रत्यक्षात प्रकृती खालावल्यामुळे किंवा पैसा संपल्यामुळे रुग्ण गावी परततात, तेव्हा त्यांचा धोका पुष्कळ अधिक असतो आणि काढलेले प्रमाण वास्तवापेक्षा चांगले दिसते. ज्या नोंदणीत पाठपुरावा ढिला, तिचे आकडे उजळ, असा विपरीत परिणाम त्यातून संभवतो. म्हणून जीवितप्रमाणाबरोबर किती रुग्णांचा पाठपुरावा पूर्ण झाला, हेही सांगणे आवश्यक मानतात. जो रुग्ण मृत्युपत्रावरूनच प्रथम कळतो, त्याच्या निदानाची तारीख उपलब्ध नसल्याने त्याला या गणनेत धरत नाहीत. वृद्ध रुग्ण अन्य कारणांनीही मरण पावतात. बहुमज्जार्बुदासारख्या उतारवयातील रोगांत ही बाब लक्षात घेऊन त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांच्या जीवितप्रमाणाशी तुलना करतात. हे सापेक्ष जीवितप्रमाण होय.

उपचार व नोंदणी यांचा संबंध : सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये बॉस्टन येथे अमिनोप्टेरीन या औषधाने बालकांतील तीव्र श्वेतकोशिकार्बुद काही काळ मागे हटविता येते, असे दाखविले. हे औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील प्रयोगशाळेत तयार झाले होते. पुढे अनेक औषधांच्या संयोगाने हा रोग बरा होऊ लागला व प्रगत देशांत बालकांच्या तीव्र लसीकाकोशिकीय प्रकारातील पाच वर्षांचे जीवितप्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. भारतात १९७० च्या दशकात स्थिती फार निराळी होती. टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व चेन्नईची कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने १९८० च्या दशकाच्या मध्यास एकच उपचारक्रम स्वीकारला. त्याचे नाव ‘एमसीपी-८४१’ असे होते. तिन्ही ठिकाणी उपचार एक व नोंदीही एकसारख्या असल्याने फलितांची तुलना शक्य झाली. चार वर्षांपर्यंत रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण पूर्वी २० टक्क्यांहून कमी होते. ते केंद्रपरत्वे ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत वाढले. रोग उलटून झालेले मृत्यू व उपचारकाळात संसर्ग आदींमुळे झालेले मृत्यू निरनिराळे नोंदल्यामुळे औषधे बदलावीत की शुश्रूषा सुधारावी, याचाही निर्णय करता आला. टाटा स्मारक रुग्णालयातच १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी तीव्र मज्जाकोशिकीय श्वेतकोशिकार्बुद झालेल्या एका मुलीवर भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण केले.

चिरकारी मज्जाकोशिकीय प्रकारात इमॅटिनिब हे पोटात घेण्याचे औषध २००१ मध्ये आल्यावर चित्र पालटले. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदणीतील १९७३–२०१३ या काळातील रुग्णांच्या अभ्यासावरून (२०१६) या रोग्यांचे आयुर्मान सर्वसाधारण लोकांच्या जवळपास आल्याचे दिसून आले. हे औषध बहुतेकांना दीर्घकाळ रोज घ्यावे लागते. औषध बंद पडलेल्या रुग्णाचा शोध घेणे हे त्यामुळे नोंदीचे तसेच उपचाराचेही काम ठरते.

बालकांच्या श्वेतकोशिकार्बुदाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. प्रवासखर्च, शहरातील निवास व बुडालेली मजुरी यांमुळे पुष्कळ कुटुंबे तो मध्येच सोडतात. अशा बालकांना केवळ बेपत्ता न मानता ‘उपचार सोडलेले’ या स्वतंत्र सदरात नोंदवून तो उपचाराच्या अपयशाचाच एक प्रकार धरावा, असा संकेत रूढ झाला. या सदरामुळे हानीचे कारण औषधात नसून परिस्थितीत असल्याचे उघड झाले आणि निवास, भोजन व प्रवास यांच्या साहाय्याची गरज आकड्यांनिशी मांडता आली. मुंबईत दादर येथील श्री गाडगे महाराज धर्मशाळा आणि २००६ पासून कार्य करणारी सेंट ज्यूड बालनिवास केंद्रे बाहेरगावच्या रुग्णांची अशी सोय करतात.

सद्यःस्थिती व मर्यादा : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन अभिकरणाने विकसनशील देशांतील जीवितप्रमाणांविषयी १९९८ व २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांत मुंबई व बार्शी येथील नोंदणींचा अंतर्भाव आहे. नियमित मृत्युनोंदींवर विसंबणे अशक्य असतानाही गृहभेटींच्या आधारे जीवितप्रमाण काढता येते, हे त्यांवरून सिद्ध झाले. राष्ट्रीय कार्यक्रमाचे संयोजन आता बंगळूर येथील राष्ट्रीय रोग-माहिती व संशोधन केंद्र (स्थापना २०११) करते. तथापि भारताच्या लोकसंख्येचा लहानसा भागच लोकसंख्याधारित नोंदणींच्या कक्षेत येतो. प्रसिद्ध होणारी बहुतेक जीवितप्रमाणे एकेका मोठ्या रुग्णालयातील असून तेथपर्यंत न पोहोचलेल्या रुग्णांविषयी त्यांवरून अनुमान करता येत नाही. जनुकीय तपासण्यांमुळे रोगाचे उपप्रकार वाढत आहेत. ज्या प्रयोगशाळेत या तपासण्या होत नाहीत, तेथील नोंदी साहजिकच ढोबळ राहतात. राजूरसारख्या गावातील रुग्णाचे पूर्ण नाव, तालुका व जिल्ह्यासह पत्ता, निदानाची तारीख, उपप्रकार आणि अखेरच्या संपर्काची तारीख या पाच गोष्टी अचूक नोंदल्या गेल्या, तर तो कोणत्याही रुग्णालयात गेला, तरी गणनेत राहू शकतो. नोंदणीचे पुढील सर्व शास्त्र या प्राथमिक नोंदीवर आधारलेले आहे.